सहावी ‘ब’ची चाल

बाई, काल संध्याकाळी सव्वापाच वाजता तुमची चाल टीव्हीवर ऐकली. टीव्ही तुम्ही पाहिलात, पण हे त्याच्या पुढचं प्रकरण आहे. बंगळुरूच्या बाहेर एका माळावर मोठा संगीत महोत्सव चालू होता आणि तिथलं गाणं त्याच घटकेला कात्रजला, आमच्या तिसऱ्या मजल्यावर दिसत होतं. याला लाइव्हस्ट्रीम म्हणतात. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघत म्हणाला असतात, ‘आधी मराठीत काय म्हणतात ते सांग, मग पुढचं बोल,’ आणि मी नेहमीसारखा खिडकीबाहेर बघत बसलो असतो. मी तोच, सहावी ‘ब’मधला, खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावरचा, ज्याला तुम्ही मराठीच्या तासाला एकदा तरी विचारायचात, ‘काय रे, आलास का परत?’ तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि तुम्ही पंचविशीच्या आतबाहेर असाल. आता मी चौऱ्याहत्तरचा आहे, म्हणजे बहुधा तुम्ही गेलात त्या वयापेक्षाही मोठा. तुम्ही गेल्याचं मला वर्षभर उशिरा कळलं. स्वारगेटच्या स्टँडवर वर्गातला एक जण भेटला. त्याची बस सुटत होती. एक पाय पायरीवर ठेवून तो म्हणाला, ‘अरे, बाई गेल्या की! तुला माहीत नाही?’ आणि बस हलली. त्यालाही आता वीसेक वर्षं झाली. पत्र लिहायचं तेव्हाच मनात आलं होतं. पण तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं. किंवा होतं आणि सांगायचं नव्हतं.

हल्लीच्या मुलांना सांगून पटत नाही, की कविता पुस्तकात एकच छापलेली असली तरी तिची चाल दर तुकडीला वेगळी असायची. चाल पुस्तकात नसायचीच, ती शिकवणाऱ्याकडे असायची. ‘अ’ तुकडीचे गुरुजी सगळ्या कविता एकाच चालीवर म्हणून घ्यायचे, पाढेही त्याच चालीवर, त्यामुळे भिंतीपलीकडून आवाज आला की चंद्र उगवतोय की बारा सत्ते चौऱ्याऐंशी चाललंय ते कळायचं नाही. तुमचं तसं नव्हतं. नवी कविता आली की तुम्ही ती दोन दिवस फळ्यावर नुसती लिहून ठेवायचात. ‘राहू दे, मुरू दे,’ म्हणायचात. तिसऱ्या दिवशी पुस्तकं मिटायला सांगायचात आणि टेबलावर बोटांनी ठेका धरायचात. मधल्या सुट्टीत आम्ही ‘अ’च्या मुलांना चिडवायचो, ‘तुमची कविता म्हणजे पाढे.’ ते म्हणायचे, ‘आणि तुमची म्हणजे वरात.’

‘कपिला’ डाव्या पानावर होती. वर रेघारेघांचं चित्र होतं, ओसरीवर उभी असलेली आई आणि कपाळावर आडवा धरलेला हात. हरवलेल्या गाईला एक मुलगा तिन्हीसांजेला हाका मारतो, एवढीच गोष्ट.

कपिले, ये गे, दिवे लागले,
दावे रिकामे दारी;
वासरू हंबरे, वाट पाहते
आई उभी ओसरी.

खाली कवीचं नाव होतं. तो आज कोणाला आठवत नाही, पण नाव छापलेलं होतं. तुमच्या चालीत ‘ये गे’ वर चढून तिथेच थांबायचं, जणू हाक ओढ्यापलीकडे पोचेपर्यंत वाट बघायची, आणि मग ‘दिवे लागले’ एकेक पायरी उतरल्यासारखं खाली यायचं. त्या थांबण्यात मला खरंच गाय दिसायची. बाकीच्यांनाही दिसत असणार, कारण एरवी एकमेकांना चिमटे काढणारा तो वर्ग त्या एका जागी श्वास धरून असायचा. पुढे आयुष्यात मी पुष्कळ गाणी ऐकली बाई, तिकिटं काढून ऐकली, पण वर्गातल्या चाळीस पोरांनी एकदम धरलेला तो श्वास परत कुठे ऐकला नाही.

आणि मग तो दिवस. तुम्ही टेबलावर ठेका धरलाय, आम्ही ‘ये गे’वर थांबलोय, आणि दारात मुख्याध्यापक उभे आहेत. काळी टोपी, हातात हजेरीपट. ते आत येत नाहीत. दारातूनच म्हणतात, ‘बाई, हा वर्ग आहे की वरात? पुढच्या वेळी घोडाही सांगून ठेवा.’ कोणीतरी खुदकन हसतं. तुमची बोटं टेबलावर तशीच आहेत. ते वर्गभर नजर फिरवतात आणि नेमकी माझ्यावर थांबवतात, कारण प्रार्थना मी सांगायचो. ‘तू ऊठ. म्हण ही कविता. नीट म्हण.’ मी उठतो. गळ्यात तुमची चाल आहे, नुकती तापलेली. आणि तोंडातून ‘अ’ तुकडीची येते. बारा सत्ते चौऱ्याऐंशीची. चारही ओळी मी तशा म्हणतो, एकदाही न अडखळता. मुख्याध्यापक म्हणतात, ‘बघा, मुलांना सरळ चाल येते. वाकडी आपण करतो.’ ते जातात. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. फळा पुसलात आणि व्याकरणाचं पुस्तक उघडायला सांगितलंत. त्यानंतर त्या वर्षात तुम्ही वर्गात एकही कविता चालीवर म्हटली नाहीत.

पण चाल मला पूर्ण मिळाली ती त्यानंतरच, आणि ती तुमच्या स्वयंपाकघरात. वर्गाच्या वह्या शनिवारी तुमच्या घरी पोचवायचं काम माझ्याकडे होतं. स्वारगेटच्या मागच्या बाजूला तुमच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत चुलीसमोर तुम्ही भाकऱ्या थापत होतात, भिंतीवर बुद्धाचं चित्र आणि त्याच्याखाली विझलेली मेणबत्ती. मी वह्यांचा गठ्ठा उंबऱ्यावर ठेवून पळणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, ‘आत ये. तिथे काय पाहुण्यासारखा!’ मी आत आलो आणि जे आठवडाभर घोकत होतो ते बोलायला लागलो. ‘बाई, त्या दिवशी मी...’ तुम्ही भाकरी उलटलीत. ‘‘अ’ची चाल बरी म्हटलीस हो. सूर नाही सोडलास.’ रागावून म्हणालात की थट्टेनं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मग माझ्या ताटलीत अर्धी भाकरी आणि लसणाची चटणी आली, आणि पुढची भाकरी थापता थापता, त्याच थापांच्या ठेक्यावर, तुम्ही ‘कपिला’ची उरलेली दोन कडवी म्हणून दाखवलीत. मी विचारलं, ‘बाई, तुम्हाला चाली सुचतात कशा?’ तुम्ही हसलात. ‘माझी कुठली? आमच्या दादांची आहे ती.’ दादा म्हणजे तुमचे वडील. लग्नाच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे. दिवसभर लोकांच्या वराती वाजवून संध्याकाळी घरी यायचे, आणि गल्लीत शिरताना हे एवढंच हळू वाजवायचे, म्हणजे मुलांना कळावं, दादा आले, दार उघडा. ‘मी फक्त त्यात शब्द बसवले,’ तुम्ही म्हणालात. निघताना तुम्ही मला तुमची लाकडी फूटपट्टी दिलीत. ‘तुझी रेघ सरळ येते. ही ठेव.’ मास्तरांच्या पट्ट्या आम्हाला हातावरच्या वळांवरून ओळखता यायच्या. तुमची त्यात कधीच नव्हती.

घरी गेल्यावर आईनं विचारलं, ‘तिकडे काही खाल्लंस का?’ का विचारलं ते तुम्हाला सांगायला नको. मी म्हणालो, ‘नाही.’

त्या पट्टीनं माझं आयुष्य आखलं म्हणायला हरकत नाही. पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षं नकाशे काढले. कालवे, चाऱ्या, पाट. कुठल्याही नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन असतो. काढणार कोण, तपासणार कोण, ते त्यात लिहायचं. मी त्याबाबतीत फार काटेकोर होतो. एकदा साहेबांनी हाताखालच्या पोराचा नकाशा माझ्या नावावर पुढे पाठवायला सांगितला, तर मी कोपऱ्यातला चौकोन खरवडून त्या पोराचं नाव घातलं. साहेब म्हणाले, ‘तुम्हाला फार सोस आहे खरेपणाचा.’ मी ती गोष्ट घरी येऊन रंगवून सांगितली. आता सांगायला लाज वाटते, कारण त्याच घरात, त्याच वर्षांत केव्हातरी, मी तुमची चाल माझ्या नावावर केली होती.

ते असं झालं. मुलगा सहा-सात वर्षांचा होता. संध्याकाळी वीज गेलेली, आम्ही तिघं क्वार्टरच्या गॅलरीत, आणि मी त्याला मांडीवर घेऊन ‘कपिला’ म्हणत होतो. रोजच म्हणायचो. त्या दिवशी त्यानं विचारलं, ‘बाबा, ही चाल कोणी केली?’ शेजारच्यांचे वडील क्रिकेट खेळायचे, समोरच्यांचे नाटकात काम करायचे. मी रेघा मारायचो. अंधार होता. मी म्हणालो, ‘मीच.’ एवढंच. त्यानं मान मागे टाकून माझ्याकडे असं काही बघितलं, की तो शब्द परत घेणं मला जमलं नाही. आणि ही, माझी बायको, अंधारातून म्हणाली, ‘अहो, तुम्ही? मला वाटायचं तुम्हाला नुसत्या सरळ रेघाच येतात.’ तिनं ते पुढच्या आठवड्यात माहेरी सांगितलं. मेहुण्याच्या लग्नात मला ती चाल म्हणायला लावली. खोटं असं घरातल्याच माणसांच्या कौतुकानं मोठं होतं. मी मनाची समजूत काढली होती, तीही सांगून टाकतो. मला वाटायचं, बाईंनी तर त्या दिवसापासून गाणं सोडलं. त्या वर्गाबाहेर ही चाल कोणाला ठाऊक नाही. ती माझ्याजवळच उरली आहे, तर ती माझीच नाही का? म्हणजे मीच तुमचं गाणं बंद पाडायला कारण झालो होतो, आणि त्याच आधारावर मी त्याचा वारस होऊन बसलो होतो.

मुलगा इंजिनिअरिंगला गेला आणि चौघा मित्रांनी मिळून बँड काढला. तुमच्या दादांसारखा पितळी वाद्यांचा नव्हे, गिटारी आणि ड्रमचा. त्याचं नाव इंग्रजी आहे, अर्थ विचारला तर चौघांनी चार सांगितले. आमच्या गच्चीवर त्यांची तालीम चालायची आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात पाटी लावायचे, ‘वरच्या कलावंतांनी खालच्या रोगट जीवांचा विचार करावा.’ त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं कुठलं, तर ‘कपिला’. गिटारीवर! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कानांवर हात ठेवणार होतो, पण ‘ये गे’ आलं आणि चौघंही थांबले. ते थांबणं त्यांनी तसंच ठेवलं होतं. पुढे नोकऱ्या लागल्या, माझा मुलगा आणि त्यांचा गायक यांचं कशावरून तरी वाजलं, ड्रमवाला परदेशी गेला. चौदा वर्षं बँड बंद होता. दोघं एकमेकांचं नाव घरात काढू द्यायचे नाहीत. यंदा त्या महोत्सवाच्या लोकांनी विचारलं, आणि काय झालं कोण जाणे, एक दिवस मुलाचा फोन आला, ‘बाबा, आम्ही परत वाजवतोय.’ त्याचा आवाज गॅलरीतल्या त्या पोरासारखा लागला होता.

मला जायचं होतं. पण गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाही झालेला नाही, काठीशिवाय हॉल ओलांडता येत नाही. तेव्हा घरूनच बघायचं ठरलं. फोनवरचं टीव्हीवर आणणं हिला जमतं, मला नाही. ती म्हणाली, ‘सरका. नकाशा नाहीये तो, नुसतं टक लावून उमटणार नाही.’ आधी कुकरची जाहिरात, मग गुडघेदुखीच्या तेलाची. त्यांना बरोबर कळलं होतं कोण बसलंय समोर. मग ते माळरान आलं. अजून ऊन होतं. रात्रीची वेळ मोठ्या मंडळींना, आमच्या चौघांना सव्वापाच. मुलाच्या दाढीत पांढरं दिसलं. गायकाचं पोट सुटलंय. ड्रमवाला आदल्या दिवशी विमानातून उतरलेला, जांभया देत होता. पहिल्या गाण्याला चौघं चार दिशांना वाजवत होते. दुसऱ्याला मुलानं गायकाकडे बघितलं, त्यानं मुलाकडे, आणि काहीतरी लागलं. ही म्हणाली, ‘हसला बघा. चौदा वर्षांनी हसला त्याच्याकडे बघून.’ तिनं डोळे पुसले आणि वर मलाच विचारलं, ‘तुम्ही का रडताय?’

टीव्हीच्या कडेला बघणाऱ्यांचे निरोप सारखे वर सरकत असतात. कॉलेजचे दिवस आठवले, कोणी लिहितं. कपिला घ्या, कपिला, कोणी मागतं. शेवटी मुलगा माइकपाशी आला. मोडकं कानडी एक वाक्य बोलला, मग इंग्रजी, आणि मग मराठीत म्हणाला, ‘हे गाणं शाळेच्या पुस्तकातल्या एका कवितेचं आहे. पण त्याची चाल माझ्या बाबां...’ आणि चित्र थांबलं. त्याचं तोंड अर्धवट उघडं, हात हवेत, आणि मध्ये ते गोल गोल फिरणारं चक्र. ही फोन हलवायला लागली, ‘आत्ताच बरं अडलं मेलं!’ आणि मी काय करत होतो बाई, तर मनात म्हणत होतो, असंच राहू दे. पुढचा शब्द येऊ नये. अर्ध्या मिनिटानं चक्र गेलं आणि आवाज आला, ‘...सहावीत असताना लावली. आज ते कात्रजला घरी बसून बघतायत. बाबा, तुमच्यासाठी!’ त्या माळावर टाळ्यांचा एकच गजर झाला. मी मान खाली घालून बसलो होतो.

मग तुमची चाल आली. पुढे उभ्या असलेल्या निम्म्या पोरांना मराठीचा गंध नसेल, पण ‘कपिले’ एवढा एक शब्द त्यांना पुरला. आणि ‘ये गे’वर वाद्यं थांबली. बाई, ती सगळी पोरं, उन्हात नाचून घामेजलेली, हातातले फोन वर धरलेली, गप्प झाली. आपल्या वर्गासारखी. तुमचे दादा गल्लीच्या तोंडाशी उभे आहेत आणि दार कोण उघडतंय याची वाट बघतायत, असं मला वाटलं. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा निरोपांच्या रांगेत एक ओळ वर सरकत होती : ‘ही चाल आमच्या शाळेतल्या बाईंची आहे!! सहावीला होत्या आम्हाला. अशाच थांबायच्या.’ एक क्षण दिसली आणि बाकीच्यांच्या रेट्यात वर निघून गेली.

हिनं वाचली होती. ‘अहो, काय लिहिलंय? कोण बाई?’

‘असेल कोणीतरी,’ मी म्हणालो.

मुख्याध्यापकांसमोर एकदा, आईसमोर एकदा, गॅलरीत एकदा, आणि हे चौथ्यांदा. माझं मलाच मोजता आलं.

सात वाजता मुलाचा फोन आला. मागे कोणीतरी ड्रम ठोकून बघत होतं. ‘बाबा, ऐकलंत ना? कसं झालं?’ मी म्हणालो, ‘‘वासरू’ला तुमचा गायक खाली येतो.’ तो खो खो हसला. ‘तो इथेच आहे, सांगतो त्याला. बरं ऐका, आम्ही हे आता नीट रेकॉर्ड करतोय. परवाच. कविता त्या कवींची, चाल तुमची. तुमचं पूर्ण नाव कसं लिहायचं ते पाठवा, वडिलांच्या नावासकट.’ ही समोर मटार सोलत होती. मी म्हणालो, ‘चाल माझी नाही.’

‘म्हणजे?’

‘आमच्या बाईंची आहे. सहावीतल्या.’

‘पण तुम्ही तर...’

‘हो. खोटं सांगितलं होतं.’

मटारच्या शेंगेचा आवाज थांबला. तिकडे ड्रमही थांबला होता. मुलगा म्हणाला, ‘बाबा, मी आत्ता त्या सगळ्या लोकांसमोर माइकवर सांगितलं हो.’ त्यात राग होता, आणि रागापेक्षा वाईट असं, ते गॅलरीतलं पोर होतं. ‘आईला माहीत होतं?’ त्यानं विचारलं. ही तिथूनच म्हणाली, ‘मला आत्ता कळतंय, तुझ्याबरोबरच. तुझ्या मामाच्या लग्नातल्या मंडळींना आता एकेक करून फोन करायचे म्हणजे झालं. निम्मे गेले, तेवढं बरं.’ तिकडून हुंकारासारखं काहीतरी आलं, हसला असावा. मग त्याचा आवाज नेहमीचा झाला. ‘ठीक आहे. अजून छापलेलं नाही काही. बाईंचं नाव सांगा, ते घालतो.’

मी तुमचं आडनाव सांगितलं.

‘आणि पहिलं?’

बाई, मी तोंड उघडलं आणि थांबलो. ‘ये गे’वर थांबतात तसं नव्हे, पुढे काही नव्हतंच. तुमचे डोळे सांगता आले असते, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती ते सांगता आलं असतं, भाकरीच्या थापांचा ठेका आत्ता टेबलावर वाजवून दाखवला असता. नाव नव्हतं. कधी विचारलंच नाही. प्रगतिपुस्तकावर तुमची सही म्हणजे एक वळसा आणि खाली रेघ. दारावर पाटी नव्हती. आम्हाला तुम्ही ‘बाई’ होतात, फार तर आडनाव लावून. ‘बाबा?’ मुलगा म्हणाला. ‘आहे मी,’ मी म्हणालो. ‘मला त्यांचं नाव माहीत नाही रे.’

‘शाळेत विचारू या.’

‘शाळा पाडून तिथे वाहनतळ झालाय.’

आज सकाळी हिनं न सांगताच कालचा कार्यक्रम परत लावला आणि बोटानं मागे मागे सरकवत ती ओळ शोधून काढली. लिहिणारी कोणी बाई आहे, ती आता नाशिकला असते. ही म्हणाली, ‘विचारा. टाइप मी करते, शब्द तुम्ही सांगा. खरे सांगा.’ आम्ही विचारलं, बाईंचं पूर्ण नाव काय होतं? दुपारी उत्तर आलं. ‘नाव नाही हो माहीत. आम्हीही बाईच म्हणायचो. तुम्हाला कळलं तर मलाही सांगा. कपिला त्या डोळे मिटून म्हणायच्या, टेबलावर ठेका धरून. आमच्या आधीच्या वर्गालाही तशीच शिकवली होती.’ तिनं दिलेल्या सालावरून ती माझ्यामागून बारा वर्षांनी सहावीत होती. मी ते तीन-चारदा वाचलं. म्हणजे तुम्ही गाणं सोडलं नव्हतंत. मी खिडकीजवळच्या बाकावरून उठून सातवीत गेलो, आणि तुम्ही पुन्हा बोटं टेबलावर ठेवलीत. साठ वर्षं जे ओझं मी जपून ठेवलं होतं त्यातलं निम्मं माझं नव्हतंच, आणि जी चाल एकट्याकडे उरली म्हणून माझी म्हणत होतो, ती दर जूनमध्ये नव्या चाळीस गळ्यांत जात होती. मला इतकं हलकं वाटलं, आणि थोडं वाईटही. वाईट का वाटलं ते तुम्ही ओळखाल.

मुलाला मी संध्याकाळी शब्द कळवले. ‘चाल : सहावी ‘ब’च्या बाई आणि त्यांचे वडील.’ तो म्हणाला, ‘बाबा, विचित्र दिसेल.’ मी म्हणालो, ‘दिसू दे. कळेल तेव्हा नाव घालू.’ गुडघा जरा वाकायला लागला की महापालिकेत जाऊन जुनी हजेरीबुकं कुठे असतात ते विचारणार आहे. तिथला माणूस म्हणेल, ‘आजोबा, साठ वर्षांपूर्वीचं? उद्या या.’ मी उद्याही जाईन.

हे कागद तुमच्या पट्टीनं रेघा आखून लिहिले. पाकीट काढलंय, पण त्यावर घालायला नाव नाही, म्हणून ते पट्टीखाली नुसतंच ठेवतो. एक दुरुस्ती मात्र करायला हवी. वर मी लिहिलंय, की माझं नाव घेऊन टाळ्या वाजल्या तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. तसं झालं नाही. मी काठी धरून उठलो होतो, आणि टीव्हीसमोर हात जोडून वाकलो होतो. ही म्हणाली, ‘अहो, त्यांना दिसत नाही तुम्ही.’ तरी मी टाळ्या संपेपर्यंत तसाच उभा होतो.